दोन ते आठ अंश: इन्सुलिनच्या खोक्यावरची ओळ आली कुठून?

इन्सुलिनचं खोकं हातात घेतलंत तर एका बाजूला बारीक अक्षरात तीन सूचना दिसतील. 2 ते 8 अंश सेल्सिअसला ठेवा. गोठवू नका. उन्हापासून जपा. आमच्या पिंगळीत (परभणीहून पूर्णेकडे रेल्वेनं निघालात की लागतं ते) या सूचनांवरून मला हमखास एक प्रश्न विचारला जातो, आणि तो रास्त आहे: "मे महिन्यात घरातच चाळीस अंश असतंय, दुपारी लाईट जाते, अन् हे म्हणतंय दोन ते आठ. मग शुगरची सुई ठेवावी कुठं?"

मी पीएचडीला पेप्टाइडवर काम करते, त्यामुळे गावाकडं माझी ओळख 'औषधाचं शिकणारी' अशी आहे. (मी डॉक्टर नाही, हे दर वेळी सांगावं लागतं, इथेही सांगते.) प्रयोगशाळेत हा प्रश्न पडत नाही. तिथं उणे 20 अंशांचं फ्रीजर आहे, उणे 80 चं आहे, आणि लाईट गेली की जनरेटर सुरू होतो. गावात मात्र या प्रश्नाचं चुकीचं उत्तर महागात पडतं, तेही दोन्ही बाजूंनी. कुणी उन्हात तापलेली बाटली महिनाभर वापरतं आणि साखर का उतरत नाही म्हणून हैराण होतं. कुणी 'घरात फ्रीज नाही, मग औषध खराबच झालं असणार' असं धरून सुई घेणंच सोडतं. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा जास्त धोक्याची आहे. म्हणून 'फ्रीजमध्ये ठेवा' एवढं सांगून सुटका करून घ्यायच्या ऐवजी या सूचना आल्या कुठून, ते पाहू. त्या एका माणसानं एका दिवशी लिहिलेल्या नाहीत. प्रत्येकीमागे कुणाची तरी फसलेली मेहनत आहे.

आधी पेप्टाइड म्हणजे काय ते पटकन. अमिनो आम्लं हे मणी धरा, ते एकामागे एक ओवले की झालेली छोटी माळ म्हणजे पेप्टाइड. माळ फार लांब झाली की तिला प्रथिन म्हणतात. सीमारेषा साधारण पन्नास मण्यांच्या आसपास धरतात, पण ती काही खांब रोवून आखलेली नाही. इन्सुलिन अगदी त्या बांधावर बसलेलं आहे: एक सर 21 मण्यांचा, दुसरा 30 चा, एकूण 51, आणि दोन्ही सर गंधकाच्या टाक्यांनी एकमेकांना जोडलेले. माळ नुसती शाबूत असून भागत नाही, ती ठरावीक पद्धतीनं दुमडलेली असावी लागते. म्हणजे औषध बिघडायचे दोन मार्ग झाले: मणी तुटणं किंवा बदलणं हा एक, आणि घडी विस्कटणं हा दुसरा.

'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं आपण अभिमानानं म्हणतो. ही गोष्टही जर्मनीतूनच सुरू होते. 1889 साली स्ट्रासबर्गमध्ये (तेव्हा ते जर्मन साम्राज्यात होतं) मिंकोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी एका कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं आणि त्या कुत्र्याला मधुमेह झाला. म्हणजे साखर आवरणारं काहीतरी त्या ग्रंथीत आहे, हे कळलं. मग काम सोपं वाटतं: ग्रंथी वाटायची, रस काढायचा, टोचायचा. तसं करायला निघालेल्यांचे पुढची तीस वर्षं हात पोळले. बर्लिनचे डॉक्टर झ्युल्झर यांनी 1906 ते 1908 या काळात खरोखर माणसांना असा अर्क टोचला, काहींची साखर उतरलीही. पण त्याचे दुष्परिणाम जबर होते, दरवेळी निघणारा अर्क सारखा नव्हता, आणि पुढे पहिल्या महायुद्धात ते काम बसलं.

अडचण सगळी हाताळणीची होती. स्वादुपिंडात दोन कामं चालतात. एक भाग इन्सुलिन बनवतो, आणि बाकीचा मोठा भाग अन्न पचवणारे रस. त्यातला ट्रिप्सिन हा रस प्रथिनांच्या आणि पेप्टाइडच्या माळा कापतो, तेच त्याचं काम. जिवंत शरीरात हे दोघं वेगळ्या वाटेनं जातात. ग्रंथी वाटली की एकत्र येतात, आणि ट्रिप्सिन इन्सुलिन खाऊन टाकतं. जे शोधायचं तेच शोधताना नष्ट व्हायचं.

1921 च्या उन्हाळ्यात टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी मॅक्लाउड यांच्या प्रयोगशाळेत आधी कुत्र्यांच्या स्वादुपिंडाची नळी बांधून पाहिली, म्हणजे पाचक रस बनवणारा भाग सुकून जावा. मग न जन्मलेल्या वासरांची स्वादुपिंडं आणली, कारण त्यांत पाचक रस अजून फारसा तयार झालेला नसतो. शेवटी कळलं की एवढा खटाटोप नको, कत्तलखान्यातून आणलेली ग्रंथी लगेच थंड करून आम्ल घातलेल्या अल्कोहोलमध्ये टाकली तर ट्रिप्सिनचं काम थांबतं आणि इन्सुलिन अल्कोहोलमध्ये उतरतं. पेप्टाइड साठवण्याचा पहिला धडा हाच, आणि मी आजही तो रोज पाळते: माळ कापणारी एन्झाइमं तिच्याजवळ येऊ द्यायची नाहीत, आणि येणारच असतील तर गारठ्यानं त्यांचे हात बांधायचे.

11 जानेवारी 1922 ला लेनर्ड थॉम्पसन नावाच्या 14 वर्षांच्या मुलाला पहिली सुई दिली. वजन तीस किलोच्याही आत. अर्क तपकिरी आणि गढूळ होता, साखर थोडी उतरली, पण टोचलं तिथं गळू झालं. मग कॉलिप या रसायनशास्त्रज्ञानं अल्कोहोलचं प्रमाण वाढवत वाढवत, नको ती प्रथिनं आधी खाली बसवून, शेवटी इन्सुलिन वेगळं काढलं. 23 जानेवारीला त्या मुलाला हा अर्क देणं सुरू झालं आणि तो सावरला.

पुस्तकात गोष्ट इथं संपते. मला मात्र पुढचे चार महिने जास्त आवडतात, कारण त्यांत सगळं फसलं. छोट्या भांड्यात जमलेलं मोठ्या भांड्यात जमेना. कॉलिपच्या हातूनही जमेना. रुग्ण दारात होते, आणि औषध बनतच नव्हतं. एक मोठं कारण उष्णता होतं: अल्कोहोल उडवून लावताना अर्क जास्त तापला की त्यातला जोर जायचा. तेव्हा त्यांनी पसरट ताटांत अर्काचा पातळ थर ओतून वरून पंख्याचा वारा सोडला, म्हणजे फार न तापवता अल्कोहोल उडेल. आपण वाळवणाला जे करतो तेच. गच्चीवर कुरडया घालणाऱ्या कुणालाही हे यंत्र समजावून सांगावं लागणार नाही. तर 'उष्णतेपासून जपा' या ओळीचा उगम हा, 1922 चा वसंत आणि टोरांटोतला पंखा.

यानंतर एका गोष्टीसाठी थोडं लांब, शांघायला जायचंय, कारण तिच्यात म्हैस आहे. ईवा साक्सल ही प्रागची ज्यू मुलगी, युद्धापासून जीव वाचवायला नवऱ्याबरोबर शांघायला पोचली आणि तिथं तिला मधुमेह निघाला. 1941 च्या डिसेंबरनंतर शहर पूर्ण जपानच्या ताब्यात गेलं आणि औषध दुकानांतून इन्सुलिन दिसेनासं झालं. काळ्या बाजारातलं भरवशाचं नव्हतं. नवरा व्हिक्टर कापडधंद्यातला इंजिनिअर. या दोघांनी वैद्यकाच्या एका पाठ्यपुस्तकातली कृती वाचून, एका चिनी रसायनतज्ज्ञाच्या मदतीनं मिळालेल्या छोट्या जागेत, कत्तलखान्यातल्या पाणम्हशींच्या स्वादुपिंडांपासून इन्सुलिन काढलं. ससे पाळले आणि आधी त्यांच्यावर तपासलं. निघालेलं औषध तपकिरी होतं. पहिली सुई ईवानं स्वतःला घेतली. युद्ध संपेपर्यंत या औषधावर शहरातले दोनशेच्या वर रुग्ण तगले. ईवा स्वतः 2002 पर्यंत जगली. मराठवाडी म्हशीच्या मुलखात वाढलेल्या मला ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा फार जवळची वाटली. पण तिच्यातलं शिकण्यासारखं वेगळं आहे. त्यांच्याकडे मोठी यंत्रं नव्हती. घाई होती, ताजी ग्रंथी होती, अल्कोहोल होतं, आणि प्रत्येक घाणा सशावर तपासायची शिस्त होती. नियमांमागचं कारण कळलेलं असेल तर साधनं कमी असतानाही चालतं.

आता 'हलवू नका' याविषयी. खोक्यावर ती ओळ नसली तरी आतल्या कागदावर असते, आणि नर्सबाई तोंडी सांगतात: बाटली जोरात हलवायची नाही, तळहातांत घोळवायची. 1934 साली टोरांटोतच स्कॉट यांच्या लक्षात आलं की जस्त घातलं की इन्सुलिनचे नीट स्फटिक होतात. पुढे डोरोथी हॉजकिन यांच्या गटानं 1969 साली क्ष-किरणांनी त्या स्फटिकाची आतली रचना उलगडली (या गटात आपले एम. विजयन होते, पुढे बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी मोठं काम केलं) आणि दिसलं की जस्ताभोवती इन्सुलिनचे सहा रेणू पाठीला पाठ लावून बसलेले असतात. बाटलीतही बरंचसं इन्सुलिन असंच सहा-सहांच्या गटानं राहतं. गटात असेपर्यंत घडी सुरक्षित. गट सुटून एकटा पडलेला रेणू पाणी आणि हवा जिथं भेटतात त्या पृष्ठभागावर जातो, तिथं त्याची घडी उलगडते, आणि असे उलगडलेले रेणू एकमेकांना चिकटून बारीक धागे बनवतात. ते परत सुटत नाहीत. बाटली खळखळा हलवणं म्हणजे असा पृष्ठभाग शेकडो पटींनी वाढवणं. ताक घुसळताना लोणी वर येतं ना, तसंच काहीसं, फक्त इथं वर येतं ते टाकून द्यायचं असतं. बाटलीच्या काचेवर धुक्यासारखा पांढरा थर, एरवी स्वच्छ असणाऱ्या औषधात गढूळपणा किंवा तरंगणारे कण दिसले तर हे झालंय असं समजा. आणि ध्यानात ठेवा, उलटं खरं नाही: दिसायला स्वच्छ असलेल्या बाटलीतला जोर कमी झालेला असू शकतो.

गोठवण्याबद्दल थोडक्यात. पाण्याचा बर्फ होताना उरलेल्या पाण्यात औषध, क्षार, जस्त सगळं दाटतं आणि घडी मोडते. दुधी रंगाच्या इन्सुलिनचे कण तर गोठून चिकटले की परत सुटे होत नाहीत आणि डोसचा हिशोबच चुकतो. आपल्याकडं उन्हाळ्यात मेडिकलवाले बाटलीबरोबर पिशवीत बर्फ टाकून देतात. हेतू चांगला, पण बाटली बर्फाला थेट टेकू देऊ नका, मध्ये कागद किंवा कापड घाला. घरच्या फ्रीजमध्येही बर्फाच्या कप्प्याला चिकटून ठेवू नका.

मग 2 ते 8 हा आकडा? माझ्या मते तो इन्सुलिनचा कमी आणि फ्रीजचा जास्त आहे. शून्याला पाणी गोठतं, म्हणून दोन अंश अंतर राखलं. वर आठ, कारण घरगुती आणि दवाखान्याचे फ्रीज तेवढ्यात राहू शकतात. लसींना, सिरमांना, कितीतरी औषधांना तोच आकडा आहे. त्याचा अर्थ 'या तापमानात दोन-तीन वर्षांची मुदत आम्ही देऊ शकतो' असा आहे. 'नवव्या अंशाला औषध मरतं' असा नाही. 1922 साली अमेरिकेतही बहुतेक घरांत विजेचा फ्रीज नव्हता, बर्फाच्या पेटीवर भागायचं. आपल्याकडे गोदरेजनं पहिला देशी फ्रीज 1958 साली काढला. मराठवाड्यातल्या खेड्यांत तो पोचायला पुढची कित्येक दशकं गेली, आणि पोचला तेव्हा भारनियमन आलं. मी शाळेत असताना लाईट जितका वेळ असायची त्याहून जास्त वेळ नसायची. बंद फ्रीज म्हणजे दार असलेलं कपाट.

तर मग बाहेर किती टिकतं? यावर मोजमापं झालेली आहेत, आणि ती एकमेकांशी पूर्ण जुळत नाहीत. पुदुच्चेरीच्या जिपमरमधल्या संशोधकांनी 2009 साली छापलेल्या अभ्यासात 32 आणि 37 अंशांना 28 दिवस ठेवलेल्या इन्सुलिनचा जोर सुमारे 14 ते 18 टक्क्यांनी उतरला होता. 2021 साली केनियातल्या दागाहाले निर्वासित छावणीतल्या तापमानाची नक्कल करून, म्हणजे दिवस-रात्र 25 ते 37 अंशांत वर-खाली होत, चार आठवडे ठेवलेल्या इन्सुलिनमध्ये मात्र लक्षात घेण्याजोगी घट दिसली नाही. 2023 साली कॉक्रेननं उपलब्ध पुरावे एकत्र तपासले, त्यात कंपन्यांनी दिलेली माहितीही होती. निष्कर्ष असा: न उघडलेलं मानवी इन्सुलिन 25 अंशांपर्यंत सहा महिने आणि 37 अंशांपर्यंत दोन महिने, उपचाराला बाधेल अशी घट न होता राहू शकतं. मला हा निष्कर्ष पटतो, पण जिपमरचे आकडे मी फेकून देणार नाही. सावध माणसानं 37 च्या खाली राहावं आणि चालू बाटली चार आठवड्यांत संपवावी, एवढं दोन्हींतून निघतं.

आता बघा, प्रश्न केवढा लहान झाला. दोन ते आठ गाठायचं नाहीये. 42 वरून तिशीच्या खाली यायचंय. आणि ते यंत्र आपल्या घरात कोपऱ्यात उभंच आहे.

माठ गार का होतो, हे शाळेत शिकलेलो असतो: पाणी झिरपतं, वाफ होताना उष्णता घेऊन जातं. किती गार होऊ शकतो याला मर्यादा आहे, आणि ती ओल्या फडक्याचा थर्मामीटर सांगतो. मे महिन्यातली दुपार, 42 अंश, हवेत 20 टक्के आर्द्रता: ओला थर्मामीटर 24 च्या आसपास. ऑगस्टमधला दमट दिवस, 30 अंश, 80 टक्के आर्द्रता: ओला थर्मामीटर 27 च्या आसपास. मला हे गणित मांडल्यावर गंमत वाटली. पावसाळ्यात 'माठ काम करत नाही' अशी आपली तक्रार असते, कारण तीनच अंशांचा फरक पडतो. पण तेव्हा फार फरकाची गरजही नसते. खरा माठ या मर्यादेच्या थोडा वरच राहतो, तरीही दोन्ही ऋतूंत बाटली तिशीच्या आसपास किंवा खाली राहते. इन्सुलिनसाठी वेगवेगळ्या देशांतली अशी देशी साधनं 2016 साली एका अभ्यासात शेजारी ठेवून तपासली गेली. मातीची भांडी त्यात चांगली उतरली, कोरड्या हवेत जास्तच.

करायचं कसं? मोठ्या मडक्यात थोडी वाळू, ती ओली ठेवायची, आत लहान मडकं, त्यात झाकणाच्या डबीत बाटली, वरून ओलं फडकं. सावलीत, पण वारा लागेल असं. बंद कपाटात ठेवलेला माठ गार होत नाही. बाटली थेट पाण्यात सोडू नका, लेबल निघतं आणि रबराच्या बुचावर घाण बसते. दुष्काळात याचीही पंचाईत होते, कारण माठाला पाणी लागतं. 2016 च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. असल्या वर्षी वाळू भिजवायचं पाणीही मोजूनच द्यावं लागतं. आणि खरी भट्टी घरात नसून मोटरसायकलच्या डिक्कीत असते. परभणीहून बाटली घेऊन निघालात तर ती डिक्कीत टाकून बाजारात तासभर गाडी उन्हात लावू नका.

तुम्ही विचाराल, मग पावडर का करत नाहीत? प्रयोगशाळेत आम्ही तेच करतो. पेप्टाइड आधी गोठवायचं, मग निर्वात करून त्यातला बर्फ थेट वाफेच्या रूपात ओढून घ्यायचा. पाणीच नसेल तर माळ तुटायच्या आणि मणी बदलायच्या बहुतेक क्रिया मंदावतात. अशी पावडर उणे 20 ला वर्षानुवर्षं राहते. तिचीही पथ्यं आहेत: कुपी फ्रीजरमधून काढल्यावर बंदच ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची आणि मगच उघडायची, नाहीतर हवेतली वाफ आत जमून पावडर पावसाळ्यातल्या मिठासारखी होते. एकदा विरघळवली की छोट्या छोट्या वाट्यांत विभागून गोठवायची, एक वाटी एकदाच वापरायची. पण घरी रोज निर्जंतुक पाणी मोजून पावडर विरघळवा असं रुग्णाला सांगणं म्हणजे चुकांना आमंत्रण. साखर एकदम उतरल्यावर देतात ते ग्लुकागॉन, 29 मण्यांचं पेप्टाइड, बरीच वर्षं असं पावडर-आणि-पाणी स्वरूपात मिळतं, पण ते क्वचित लागतं. इन्सुलिन रोज.

2003 साली वोक्हार्टनं औरंगाबादेत (आता छत्रपती संभाजीनगर) यीस्टकडून मानवी इन्सुलिन बनवून बाजारात आणलं. म्हणजे गाय, डुक्कर, म्हैस, कत्तलखाना, ताजी ग्रंथी, सगळं मागे पडलं, आणि कारखाना आपल्याच मराठवाड्यात आला. माळ आता हुबेहूब माणसाची आहे. तिची घडी मात्र 1922 इतकीच नाजूक आहे. तिला उन्हाळा तेवढाच लागतो.

घरी मडकं वापरत असाल तर एक करा: पाच-पन्नास रुपयांचा साधा थर्मामीटर डबीशेजारी ठेवा आणि आठवडाभर दुपारी तीनला आकडा वहीत लिहा. ती वही पुढच्या वेळी डॉक्टरांना दाखवा. साखर कारण नसताना वाढलेली दिसली तर डोस आपल्या मनानं वाढवू नका, आधी नवी बाटली उघडून बघा आणि त्यांना विचारा. पिंगळीतल्या कुणाकडं अशी वही तयार झाली तर मलाही बघायला आवडेल. मे महिन्याचे आकडे माझ्या गणितापेक्षा किती वर जातात, हे मला अजून मोजायचंय.